येस मॅडम, डावीकडे

काकांनी आमच्या शहराचा नकाशा हाताने काढलाय. म्हणजे अक्षरशः. एकतीस वर्षं ते नगररचना कार्यालयात आरेखक होते. उंच स्टुलावर, तिरक्या टेबलासमोर बसून, टोक काढून काढून अंगठ्याएवढी उरलेली पेन्सिल धरून त्यांनी रस्ते, बोळ, नाले, विजेचे खांब, सार्वजनिक नळ असं सगळं कागदावर उतरवलं. एखादी बोळ "साधारण दहा फूट" आहे असं कुणी म्हणालं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

"साधारण म्हणजे काय? बोळ साधारण असेल तर गाडीपण साधारणच जाईल. अर्धी जाईल, अर्धी राहील."

ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं मिलिमीटर. शिपाई चहा आणताना ओरडायचा, "मिलिमीटर, अर्धा कप का पाऊण?" आणि काका गंभीरपणे सांगायचे, "पाऊणला थोडा कमी."

असा हा माणूस आज केस कापायला जायचं तरी मोबाइलवर रस्ता लावतो. सलून आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. गॅलरीतून त्याचा फिरता खांब दिसतो.

याला जबाबदार त्यांचं ऑफिस. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, "आजपासून तुम्ही मोकळे," आणि हातात एक नवाकोरा मोबाइल ठेवला. काकांना मोबाइल आवडला, मोकळं होणं आवडलं नाही. एकतीस वर्षं डोक्यावर कुणीतरी होतं. पुढच्या सोमवारी साडेनऊ वाजता ते दाढी करून, शर्ट खोचून, बूट घालून सोफ्यावर बसले आणि कुणी त्यांना काही सांगेचना. काकू म्हणाली, "अहो, नुसते बसलाय तर भाजी तरी चिरा." चिरली. पण काकू वरिष्ठ नव्हे. काकूची श्रेणी त्यांच्या हिशेबाने समकक्ष.

मग एक दिवस गाडीत तो मोबाइल बोलला. "दोनशे. मीटर. नंतर. डावीकडे. वळा."

काकांची पाठ आपोआप सरळ झाली. "येस मॅडम," ते म्हणाले.

झालं. पोस्ट भरली गेली.

मॅडमचं बोलणं ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक शब्द त्यांना आत्ताच कुणीतरी आणून दिलाय आणि तो त्या टेबलावर ठेवतायत, असं त्यांचं बोलणं. 'डावीकडे' जरा वर, 'वळा' एकदम खाली, जसं काही वळणं ही त्यांच्या घरची खाजगी दुःखद बाब आहे. राग नाही, लोभ नाही. तुम्ही चुकलात तरी आवाज चढत नाही, पण त्या जे "मार्ग. पुन्हा. शोधत आहोत" म्हणतात ना, त्यात काकांना मेमो ऐकू येतो. "सॉरी मॅडम, समोर सिग्नल होता," ते लगेच खुलासा करतात.

जेवताना मी मॅडम व्हायचे. "तीस. सेंटिमीटर. नंतर. उजवीकडे. मीठ. आहे." काकू घास गिळता गिळता ठसकायची. काका मात्र हसायचे नाहीत. उजवीकडून मीठ घ्यायचे आणि म्हणायचे, "चेष्टा कर, पण पदाचा मान ठेव."

गाडीत नियम झाला होता की मॅडम बोलताना कुणी बोलायचं नाही. एकदा काकू ओरडली, "अहो, ट्रक!" तर काका म्हणाले, "एक मिनिट, मॅडमचं होऊ दे." ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितेय. आणखी एकदा मॅडमनी "सरळ जा" म्हणून सांगितलं, काका सरळ गेले आणि गाडी धुण्याच्या सेंटरमधल्या रांगेत शिरले. मागे तीन गाड्या, पुढे फिरते ब्रश. मागे घ्यायचं तर मॅडमचा आदेश नाही. आम्ही काचा वर करून सरळ गेलो. पलीकडून गाडी चकचकीत बाहेर आली. पोऱ्याने पैसे मागितले तर काका त्याला म्हणाले, "आम्ही धुवायला आलोच नव्हतो, आम्ही इथून जात होतो."

घरी परत आल्यावरसुद्धा ते गाडी बंद करत नाहीत. आपलं दार, आपली तुळस, आपल्या दोरीवर वाळणारे आपलेच टॉवेल समोर दिसत असतात. मॅडम म्हणतात, "तुम्ही. ठिकाणी. पोहोचला. आहात." मग हँडब्रेक.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. काकूच्या परीक्षेपर्यंत.

काकू नर्स आहे. सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं. त्यातली नऊ वर्षं ती हेड सिस्टरचं काम करतेय आणि सही दुसरीच कुणीतरी करते. सहीसाठी एक खात्यांतर्गत परीक्षा पास व्हावी लागते, ती वर्षातून एकदा होते आणि पन्नाशी उलटली की बसू देत नाहीत. पहिल्या खेपेला काकू तीन मार्कांनी राहिली. दुसऱ्या खेपेला परीक्षेच्या सकाळी एक बस उलटली, दवाखान्यातून फोन आला आणि काकू हॉल तिकीट पर्समध्ये ठेवून वॉर्डात गेली. तिसरी खेप या वर्षीची. काकूला पन्नास पूर्ण व्हायला अडीच महिने राहिले होते. म्हणजे हीच, नाहीतर नाही.

चार महिने आमच्या घरात औषधांचे डोस चालू होते. फ्रिजच्या दारावर चिकटवलेले कागद, ओट्यावरच्या फरशीवर पेनाने लिहिलेली सूत्रं. काकू पोळी लाटताना डोळे मिटून पुटपुटायची आणि मी चूक काढायचे. एकदा तर झोपेत म्हणाली, "सलाइन हळू लावा."

परीक्षेचं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या उतारावरच्या एका शाळेत. हॉल तिकिटावर ठळक छापलं होतं: दहा वाजता गेट बंद होईल, कोणतीही सबब चालणार नाही.

"मी बसने जाते," काकू आदल्या दिवशी म्हणाली.

काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांनी काढलेला नकाशा वडे गुंडाळायला वापरला. "घरात गाडी असताना बसने? मॅडम सत्तेचाळीस मिनिटं म्हणतायत. आपण दीड तास आधी निघू."

आणि संध्याकाळभर त्यांनी सराव केला. म्हणजे सोफ्यावर बसून मॅडमना तोच रस्ता पुन्हा पुन्हा दाखवायला लावला. सकाळी उठून परत. आम्ही साडेआठला निघालो तेव्हा मोबाइल चांगला तापला होता आणि चार्जर भिंतीला लटकत होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे फोन काकूने 'परीक्षेला नकोत' म्हणून घरीच ठेवायला लावले होते.

काका गाडी चालवत, काकू शेजारी, मी मागे. मोबाइलचा स्टँड मागच्याच आठवड्यात काचेवरून गळून पडला होता, त्यामुळे दोन्ही सीटच्या मधून हात घालून मोबाइल काकांच्या कानाशी धरणं हे माझं काम. थोडक्यात, माझं पद स्टँड.

सगळं मस्त चाललं होतं. काका "येस मॅडम" म्हणत होते, काकू ओठ हलवत उजळणी करत होती. नऊ वाजून बावीस मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही. ठिकाणी. पोहोचला. आहात."

काकांनी हँडब्रेक ओढला. आम्ही बाहेर बघितलं.

भिंत होती. बारा फूट उंच, वर काचा खोचलेल्या. पलीकडे शाळेची मागची बाजू, संडासाच्या बारीक बारीक खिडक्या आणि एक पाण्याची टाकी.

"गेट कुठंय?" काकू म्हणाली.

"मॅडम म्हणाल्या पोचलो."

"मॅडमना परीक्षा द्यायची नाहीये. गेट कुठंय?"

काका खाली उतरले, भिंतीवर तळहात ठेवून थोडं इकडे, थोडं तिकडे गेले, जणू भिंतीला कुठेतरी बटण असेल. मग परत आले. "आपण पुन्हा विचारू."

पुन्हा विचारलं. मॅडमनी सतरा मिनिटं आम्हाला गोल फिरवलं, एका शेडला वळसा घालायला लावला, एका चढावर चढवलं, उतरवलं आणि नऊ एकेचाळीसला पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही. ठिकाणी—"

आणि गेल्या. स्क्रीन काळी. समोर तीच भिंत, जरा वेगळ्या कोनातून.

"मॅडम?" काका म्हणाले.

बटण दाबलं, पुन्हा दाबलं, शर्टाला पुसून दाबलं. काही नाही. काकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी अरुंद रस्त्याच्या मधोमध. मागून टेम्पोचा हॉर्न.

"ओ काका, मुक्काम आहे का इथं?" टेम्पोवाल्याने मुंडकं बाहेर काढलं.

काकूने खिडकी खाली केली. "दादा, या शाळेचं पुढचं गेट कुठून?"

"ही शाळा आहे होय? मला काय माहीत, ताई. मी पण मोबाइलवरच आलोय. मला सांगा, फरशीचं गोदाम कुठंय? दीड तास झाला, ही बया मला तिसऱ्यांदा इथंच आणतेय."

तो कसाबसा बाजूने टेम्पो काढून गेला. त्याच्या केबिनमधून मॅडमचा आवाज येत होता. काकांनी त्या आवाजाकडे असं पाहिलं, जणू आपल्या साहेबांची बदली दुसऱ्या ऑफिसात झालीय आणि त्या तिथे रुळल्यायतसुद्धा.

काकूने मान वर करून टाकीकडे बघितलं. "थांबा हो. ही टाकी मला माहितीये. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत लस द्यायला मी याच वस्तीत दारोदार फिरलेय. गेट पार खाली, दुसऱ्या अंगाला. डावीकडे घ्या."

"मॅडम सुरू होऊ दे."

"अहो, मला रस्ता माहितीये!"

"तुला माहीत असेल गं. पण चुकलं तर? जबाबदारी कुणाची?" काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांना खरंच वळता येत नव्हतं. हात तयार होते, आदेश नव्हता.

काकूने हॉल तिकीट पर्समधून काढलं. पुढचं मला बघवेना. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटला नुसत्या "श्वास घ्या" वर गप्प करणारी बाई हॉल तिकिटाची घडी घालत होती. अर्धी, मग पाव, मग त्याहून लहान. चालत गेलं तर अर्धा तास. घड्याळात नऊ त्रेचाळीस.

"राहू दे," ती म्हणाली. अगदी हळू.

मी मेलेला मोबाइल तोंडाजवळ आणला, हनुवटी खाली घेतली आणि म्हणाले, "प्रवास. सुरू. करत. आहोत. पन्नास. मीटर. नंतर. डावीकडे. वळा."

"आल्या!" काकांनी एकदम गिअर टाकला. "येस मॅडम!"

काकूने झटकन मागे बघितलं. मी तिला काळी स्क्रीन दाखवली. एक सेकंद. मग ती पुढे वळली, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली, "टाकीच्या पुढे जुळ्यांचं घर, तिथून उजवीकडे..."

"काय पुटपुटतेयस?" काका म्हणाले.

"उजळणी करतेय."

मी मान पुढे घालून ऐकत होते आणि भाषांतर करत होते. अडचण अशी, की काकूच्या नकाशात मीटर नव्हते, माणसं होती. "लस बघून पलंगाखाली लपणाऱ्या मुलाच्या घरापाशी डावीकडे." याचे मीटर किती?

"ऐंशी. मीटर. नंतर. डावीकडे. वळा."

"ऐंशी कुठले?" काका स्वतःशीच म्हणाले. "एकशे दहा असतील."

एकशे दहावरच वळण आलं.

"दम्याच्या आजोबांपाशी सरळ," काकू पुटपुटली. "मग चावऱ्या कुत्र्याच्या गल्लीत."

"साठ. मीटर. नंतर. सरळ. जा."

"आज मॅडमची मापं जरा ढिली आहेत," काका म्हणाले. त्यांची शीर उडायला लागली होती. कित्येक महिन्यांनी मी ती बघितली.

नऊ एकावन्न. समोर चढ संपून रस्ता दोन्हीकडे फुटला. "उजवीकडे," काकूने आता जवळजवळ मोठ्यानेच सांगितलं. "उजवीकडे आणि सरळ खाली!"

"आता. उजवीकडे. वळा."

काकांनी ब्रेक मारला. गाडी थांबली. घरघर चालू.

"नाही," ते म्हणाले.

"उजवीकडे. वळा," मी पुन्हा म्हणाले. 'वळा' थोडं जास्तच दुःखद झालं.

"माफ करा मॅडम," काका म्हणाले, पाठ ताठ करून, समोर बघत. "पण उजवीकडे पायऱ्या आहेत. अठरा. मी काढल्यात. एकेक आडवी रेघ मारलीय. पेन्सिल तीनदा तुटली होती."

"अहो, मी रोज इथूनच उतरायचे," काकू पुटपुटायचं विसरून म्हणाली.

"तू चालत होतीस. मी गाडीत आहे." आणि मग मॅडमना, "हे मी लेखी द्यायला तयार आहे."



काकांनी डावीकडे घेतलं. कुणी न सांगता. "लाकडाच्या वखारीमागून बोळ जाते, ती थेट शाळेच्या रस्त्याला लागते. सात फूट. गाडी साडेपाच. दोन्ही अंगांना नऊ-नऊ इंच. आरसे मिटवा."

काकूने तिच्या बाजूचा मिटवला, काकांनी त्यांचा. आणि सुटली आमची गाडी. एका बाजूला ओंडके, दुसऱ्या बाजूला भिंत, मधून काका, जीभ दातांत धरून, जशी ते रेघ मारताना धरत असत. एका घरातून कुणीतरी खिडकीचं दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि ताबडतोब लावून घेतलं. कुठेही खरचटलं नाही. नऊ इंच म्हणजे नऊ इंच.

गेटपाशी पोचलो तेव्हा रखवालदार एक झडप ओढून दुसरीला हात घालत होता.

"बंद झालं, बंद झालं!" तो म्हणाला.

काकू गाडी थांबायच्या आत उतरली. "दादा, दोन मिनिटं आहेत अजून!"

त्याने मनगटाकडे बघितलं, मग काकूच्या हातातल्या त्या सुपारीएवढ्या घडी घातलेल्या हॉल तिकिटाकडे. "दीड. पळा, बाई, पळा. मी सावकाश लावतो."

काकू पळाली. मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं. वॉर्डात पळायचं नसतं, पेशंट घाबरतात.

पुढचे तीन तास आम्ही गेटसमोरच्या झाडाखाली गाडीत बसलो. काकांनी माझ्या हातातल्या काळ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं. मी मोबाइल हळूच बॅगेत टाकला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पेन्सिल आहे का?" मी दिली. टोक बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, खिशातल्या किल्लीने ते तासलं आणि काकूच्या नोट्समधलं एक पाठकोरं पान मांडीवर घेतलं. मी झोपून गेले.

काकू बाहेर आली तेव्हा सव्वा वाजला होता.

"कसा गेला?" मी विचारलं.

"एकही प्रश्न सोडला नाही." ती सीटवर बसली आणि चपला काढून पाय लांब केले. "डोसचं गणित आलं होतं. तेच, फ्रिजवरचं. आता सही मीच करणार, बघशील." मग काकांकडे बघून, अगदी साळसूदपणे, "आता घरी कसं जायचं हो? तुमच्या मॅडमना बरं नाहीये ना?"

काकांनी मागे न बघता खांद्यावरून पान माझ्याकडे दिलं. शाळेपासून आमच्या दारापर्यंतचा नकाशा होता. प्रत्येक वळण, प्रत्येक अंतर, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, आणि टेकडीच्या अंगाला अठरा बारीक आडव्या रेघा.

"वाच," ते म्हणाले.

मी साध्या आवाजात सुरुवात केली. "इथून सरळ, मग—"

"असं नाही." काकांचे कान लाल झाले होते. "मॅडमच्या आवाजात वाच. असं कुणीही सांगितलं की मला वळता येत नाही."

काकूने तोंडावर पदर धरला. मी हनुवटी खाली घेतली.

"दोनशे. मीटर. नंतर. डावीकडे. वळा."

"दोनशे बारा," काका म्हणाले आणि गाडी सुरू केली.